‘गेली असन यात्रेले...’

पेपरच्या आतल्या पानावर, निविदा आणि छोट्या जाहिरातींच्या गर्दीत अधूनमधून एक चौकोन असतो. वर ‘बेपत्ता’ असं लिहिलेलं. खाली धूसर फोटो. वय ६५ वर्षे, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगावर हिरवं लुगडं, पायात चप्पल नाही, प्रकृती ठीक नसते. आढळल्यास अमुक पोलीस स्टेशनला कळवावं. आपण तो चौकोन बघतो, ‘अगंबाई’ म्हणतो आणि राशिभविष्याकडे वळतो. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरवर भाजी निवडून होते.

मूल आणि आसपासच्या गावांत बचत गटाच्या कामानं माझं फिरणं असतं. त्यामुळे या चौकोनातल्या बायका मला अगदी परक्या वाटत नाहीत. एक गोष्ट मात्र सारखी जाणवते. लहान मूल हरवलं की सगळं गाव रस्त्यावर येतं. तरुण पोरगी दिसली नाही की निदान चर्चा तरी होते, खरी-खोटी. पण साठी-सत्तरीची आजारी बाई दिसेनाशी झाली, की लोक पटकन एक उत्तर शोधतात आणि मोकळे होतात. ‘पोरीकडं गेली असन.’ ‘यात्रेले गेली असन.’ ‘डोक्यावर परिणाम झाला होता जी तिच्या.’

मैत्रिणींनो, अशी तयार उत्तरं किती घात करू शकतात, याचं एक जुनं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. ते आहे पुण्याचं, पण सांगते तुम्हाला, कारण त्यातलं बरंचसं आपल्या गल्लीतलंच आहे.

शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई

लक्ष्मीबाई कर्वे म्हणजे माहेरच्या इंदुमती पोंक्षे. १९२२ साली अनंत रामचंद्र कर्वे यांना त्या दुसरेपणावर दिलेल्या. नवऱ्याचा व्यवसाय चांगला चाललेला, घर खाऊनपिऊन सुखी. १९४५ साली नवरा गेला. पदरी दोन मुलगे. त्यातला धाकटा १९५४ साली वारला. थोरल्याचं बिऱ्हाड वेगळं. शुक्रवार पेठेतल्या घरात लक्ष्मीबाई राहत. घर, शेअर्स, बँकेतला पैसा, दागदागिने असं सगळं नावावर होतं, आणि सोबतीला मधुमेह. मध्यंतरी क्षयाचं दुखणंही होऊन गेलेलं.

नवऱ्याच्या आजारपणापासून घरी येणारे एक डॉक्टर होते, अनंत चिंतामण लागू. पुढे लक्ष्मीबाईंवरही तेच औषधोपचार करायचे. घरच्यासारखे झाले होते. हळूहळू पैशाच्या व्यवहारातही त्यांची मदत होऊ लागली. एकटी बाई, आजारपण मागे लागलेलं, आणि डॉक्टर विश्वासातला. यात कुणाला काही वावगं वाटण्यासारखं नव्हतं.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री डॉक्टर आणि लक्ष्मीबाई पुण्याहून मुंबईच्या पॅसेंजरमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या एका तज्ज्ञ डॉक्टरांना तब्येत दाखवायची होती. पहाटे गाडी व्हीटीला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागली, तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं. तिथं नाव लिहून घेतलं गेलं ते ‘इंदुमती पौंशे’. आपली या बाईंशी जुजबी ओळख आहे, गाडीत भेटल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी सकाळी साडेअकरा वाजता लक्ष्मीबाई वारल्या.

बघा हं, त्या गावापासून लांब एकट्या मेल्या, एवढंच झालं नाही. त्या स्वतःच्या नावानंही मेल्या नाहीत. प्रेत न्यायला भाऊ येईल, असं रुग्णालयाला कळवलं गेलं. भाऊ काही आला नाही. प्रेत जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिलं. १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्यानं बेवारस प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतं. तेही जवळजवळ ठरलं होतं. मानेवरच्या एका खुणेवरून शंका आली, म्हणून २३ नोव्हेंबरला शवविच्छेदन झालं. विष सापडलं नाही. कारण लिहिलं गेलं, मधुमेहातून आलेली बेशुद्धी. घरावर पाटी होती, बँकेत खातं होतं, पोटचा मुलगा जिवंत होता, आणि तरी ही बाई बेवारस ठरली.

पत्रं येत राहिली

इकडे पुण्यात काय झालं? लक्ष्मीबाईंच्या नावानं नातलगांना आणि ओळखीच्या लोकांना पत्रं यायला लागली. मी तीर्थयात्रेला गेले आहे, माझा शोध करू नका. मग आणखी पत्रं. मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे, राजस्थानात जयपूरजवळ राठोडी गावी राहते, आता पुण्याला परतायची नाही. दरम्यान त्यांचे शेअर्स, पैसे, घरातलं सामान एकेक करून डॉक्टरांच्या हातात जात होतं. बाई मरून गेलेली, आणि तिच्या सह्या मात्र जिवंत!

शेवटी काहींना राहवलं नाही. १९५७ सरता सरता ओळखीच्या एका डॉक्टरांनी सरकारकडे लेखी तक्रार केली. पुढे मुलानंही केली. तपास झाला, शवागारातल्या प्रेताच्या फोटोंवरून ओळख पटली आणि मार्च १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. म्हणजे बाई गेली त्याला सोळा महिने झाले होते.

पुण्याच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी शिक्षा कायम ठेवली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विष सापडलं नसलं तरी खोटं नाव, खोटी पत्रं, लपवलेला मृत्यू आणि हडप केलेली मालमत्ता ही सगळी साखळी गुन्ह्याकडेच बोट दाखवते, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती सरकार यांचं मत वेगळं पडलं. मृत्यू नैसर्गिक नव्हताच, हे त्यांना सिद्ध झालेलं वाटलं नाही. वकिलीच्या अभ्यासात हा खटला अजून शिकवतात. त्या रात्रीच्या पॅसेंजरमध्ये नेमकं काय दिलं गेलं, कधी आणि कसं, याचा उलगडा मात्र कधीच झाला नाही. सात-आठ दिवसांत कुणी विचारलं असतं, तर कदाचित झाला असता.

लोकांना पटलं कसं?

हा खटला वाचला की डॉक्टरपेक्षा मला त्या पत्रांचं जास्त आश्चर्य वाटतं. सोळा महिने चालली ती. का चालली?

पहिलं पत्र यात्रेचं. विधवा बाई, प्रकृती ढासळलेली, तरुण मुलगा गेलेला. ती काशी-रामेश्वराला गेली, हे सगळ्यांना पटण्यासारखं. देवाधर्माचं नाव घेतलं की जास्त विचारायचं नसतं. ज्या बाईला रोजची औषधं लागतात, ती यात्रेत ती कुठून घेणार, हा साधा हिशेब मागे पडतो.

दुसरं पत्र लग्नाचं. हे तर फारच हुशारीचं! त्या वयात बाईनं दुसरं लग्न केलं म्हटल्यावर माणसं धावत शोधायला जात नाहीत, तोंडाला पदर लावतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा, म्हणजे तेव्हा बरोबर शंभर वर्षांचा झालेला. विधवेशी लग्न करून १८९३ साली पुणं हादरवणारे महर्षी धोंडो केशव कर्वे तेव्हा हयात होते, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. तरीसुद्धा घरातल्या बाईच्या पुनर्विवाहाची लाज इतकी, की ती लाजच गुन्हेगाराच्या कामी आली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे नाव. बायकांना दोन नावं असतात, हे आपण किती सहज घेतो! लग्नात तांदळात अंगठीनं नाव लिहिलं की माहेरची इंदुमती संपली. घरच्यांना माहीत लक्ष्मीबाई कर्वे, रुग्णालयाच्या वहीत इंदुमती पौंशे. कागदावर या दोन वेगळ्या बायका होत्या. आजही आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांचं आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, आणि माहेरी हाक मारतात ते तिसरंच.

गंमत बघा, याच १९५६ साली हिंदू वारसा कायदा आला आणि बाईच्या वाट्याला आलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची झाली. हक्क मिळाला, चांगलंच झालं. पण मालमत्ता असलेली एकटी आजारी बाई कुणाच्या डोळ्यांवर येऊ शकते, तेही त्याच वर्षी दिसलं.

आमच्या जंगलात आणि आमच्या गावात

आता आमच्याकडं या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बाई परतली नाही, की लोक काय करतात ठाऊक आहे? लगेच निघतात. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, मग तेंदूपत्ता तोडायला बाया भल्या पहाटे जातात. एकटी सहसा जात नाही. चार-सहा जणी मिळून जातात, एकमेकींना हाका मारत राहतात. हाकेला ‘ओ’ आली नाही की काम तिथंच थांबतं. १० मे २०२५ रोजी आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात मेंढामालच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी गावकरी आणि वन खात्याची माणसं रान पिंजून काढतात. जीव वाचेलच असं नाही. पण बाई कुठं गेली हा प्रश्न तसाच सोडून कुणी जेवायला बसत नाही.

मग हीच माणसं गावात आल्यावर वेगळी का वागतात? भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी तीन दिवस दिसली नाही, तर हाक कोण देतं? जंगलात वाघाची भीती असते, म्हणून मोजदाद असते. गावात बाई सुरक्षित आहे असं आपण धरून चालतो.

तिच्या बाहेर पडण्याला वाटाही पुष्कळ आहेत. २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. माझ्या ओळखीच्या कितीतरी आज्या यामुळे आनंदानं लेकीकडे, बहिणीकडे जातात, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला वैनगंगेवर जाऊन येतात. जाऊ देत, का नाही जायचं? पण विस्मरणाचा आजार सुरू झालेली बाई चुकीच्या गाडीत बसली तर? आमच्या मूल-मारोडा स्टेशनावरून एका दिशेला गोंदिया, दुसऱ्या दिशेला बल्लारशाह. बल्लारशाहून गाडी बदलली की दिल्ली नाहीतर मद्रास. पुढे तिची बोली कळणारं माणूसही भेटायचं नाही. साखर फार वाढली किंवा एकदम कमी झाली तरी माणूस गोंधळतं, बोलणं अडखळतं, चाल बिघडते. बघणाऱ्याला वाटतं, बाई दारू प्यायली किंवा वेडी आहे. प्लॅटफॉर्मवर कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

अशा हरवलेल्या माणसांसाठी काम करणारे लोक आहेत. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभर त्यांच्या घरी पोचवते. त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे वर्षांनंतरही बाई घरी येऊ शकते. मात्र त्यासाठी कुठंतरी तिची नोंद हवी.

नोंद करायलाच हवी

नोंदीचंच आपल्याकडं अडतं. ‘चोवीस तास वाट बघा’ असं बरेच जण सांगतात. असा काही नियम नाही. बाई आजारी आहे, विसरते, औषधावर आहे, हे स्पष्ट सांगून त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार द्यायची. नोंदीचा क्रमांक मागून घ्यायचा. नातलगच हवा असं नाही, शेजारीण गेली तरी चालतं. लक्ष्मीबाईंच्या प्रकरणातही पहिली लेखी तक्रार बाहेरच्याच माणसाची होती. मग रेल्वे पोलीस, बसस्थानक, सरकारी दवाखान्यातले अनोळखी रुग्ण, आणि मन घट्ट करून शवागारसुद्धा. तातडीसाठी ११२ आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

तक्रार टाळण्याचं एक कारण घरातली अब्रू असते. ‘लोक म्हणतील, सुनेनं हाकललं.’ खरंच हाकललं असेल, तर त्यालाही कायदा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ सालचा. ज्येष्ठाला सांभाळायची जबाबदारी असलेल्यानं त्याला वाऱ्यावर सोडून दिलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. ‘सांभाळू’ या अटीवर घर-शेत लिहून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहारही रद्द करून मागता येतो. राज्यानं २०१० मध्ये या कायद्याचे नियम केले. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवावी, आणि शक्य तिथं सामाजिक कार्यकर्त्याला बरोबर घेऊन पोलिसांनी महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, हे त्या नियमांत आहे. आपल्या पोलीस ठाण्याला ही यादी विचारायचा आपल्याला हक्क आहे. गटाच्या बायका मिळून गेल्या तर विचारणं सोपं जातं.

आणि हेही लक्षात घ्या. बाई गेल्याची नोंद नसेल आणि प्रेतही मिळालं नसेल, तर ती कागदावर ना जिवंत ना मेलेली. सात वर्षं तिची काही खबर नसेल तरच कायदा तिला मृत धरतो. तोवर घर, शेत, खातं सगळं अडकून. नाहीतर लक्ष्मीबाईंसारखं, तिच्या नावानं दुसराच कुणी सह्या करतो.

आपल्या हातातलं

आमच्या गटांच्या बैठकीत आम्ही यावर बोललो, तेव्हा बायांनी स्वतःच काही साधे उपाय काढले. सकाळच्या सडा-सारवणाच्या वेळी एकट्या म्हातारीच्या दारात हाक द्यायची. दार लोटलेलं दिसलं आणि चुलीचा धूर नाही, तर आत डोकवायचं. पातळाच्या काठात आतून फोनचा नंबर शिवून ठेवायचा. औषधाच्या चिठ्ठीची एक प्रत शेजारणीकडे. नातवाच्या मोबाइलमध्ये आजीचा चालू वर्षाचा फोटो. हरवल्यावर लग्नातला, पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो काय कामाचा? आजी दवाखान्यात, बँकेत कुणाबरोबर जाते, अंगठा कुठं देते, हेही एखाद्या दुसऱ्या माणसाला माहीत असलेलं बरं.

एका आजीनं सुचवलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली. ती म्हणाली, ‘बाई, नाव बदलते, फोटो बदलते, पण गोंदण बदलत नाही.’ खरंच की! आमच्याकडच्या जुन्या बायांच्या हातांवर, पायांवर, कपाळावर गोंदण असतं. हरवल्याची तक्रार लिहिताना ‘ओळखीची खूण’ हा रकाना येतो, आणि मुलं-सुना एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आईच्या हातावर काय काढलंय, ते कुणी नीट बघितलेलंच नसतं.

तेव्हा मैत्रिणींनो, हा पेपर बाजूला ठेवलात की एक काम करा. घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हातारीजवळ दहा मिनिटं बसा. तिला तिचं माहेरचं नाव विचारा, गाव विचारा, कोणती गोळी कधी घेते ते विचारा. हातावरचं गोंदण बघा आणि एका कागदावर सगळं लिहून ठेवा. ती हसेल, म्हणेल, ‘आता कायले पायजे माहा माहेरचं नाव?’ तरी लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी ‘गेली असन यात्रेले’ म्हणालं, तर विचारा की कोणत्या यात्रेला, कुणाबरोबर, आणि गोळ्या घेऊन गेली का?